लिंबाच्या लोणच्यातलं युरेनियम

वल्लरीने नखं वाळवायचा दिवा जेवणाच्या टेबलावरच लावला आणि लोणच्याची बरणी पेटली. पेटली म्हणजे जाळ नाही, धूर नाही. नुसती आतून पोपटी हिरवी होऊन बसली. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, उन्हासाठी पडदे ओढून घेतले होते, साकेत आतल्या खोलीत लवंडला होता आणि दह्याचं भांडं नि बरणी उचलायची राहून गेली होती. सुनेने डाव्या हाताची बोटं त्या छोट्या यंत्राच्या तोंडात घातली, जांभळा उजेड बोटांच्या फटींतून बाहेर आला आणि बरणीवर पडला. "बाबा, हे काय?" तिने विचारलं. त्र्यंबकने वर्तमानपत्र खाली घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उमटलं असावं, कारण वल्लरीही हसली. "युरेनियम," तो म्हणाला, जुना शेजारी अचानक रस्त्यात भेटावा तशा सुरात. मग त्याला राहवेना. पूर्वी काच बनवणारे असा पिवळसर रंग यावा म्हणून काचेत चिमूटभर युरेनियम घालायचे, तुझ्या या दिव्यातला जो उजेड आपल्याला दिसत नाही तो ते गिळतं आणि हिरवा करून परत देतं, दिवा बंद केलास की तेही बंद, एक क्षणसुद्धा मागे राहत नाही, असं सगळं त्याने सांगितलं. आम्ही यावरच तर पोट भरलं, असंही म्हणाला. "आणि यातलंच लोणचं आई रोज घ्यायच्या ना?" वल्लरीने विचारलं. "रोज. त्याशिवाय तिला घास उतरायचा नाही." "मग आईंची किडनी..." एवढं बोलून वल्लरी थांबली. तिने हात बाहेर काढला, दिवा बंद केला, "नाही, असंच," म्हणाली आणि ओली नखं तशीच घेऊन दह्याचं भांडं उचलायला लागली. बरणी पुन्हा बरणी झाली.

तिने सरळ आरोप केला असता तर बरं झालं असतं. त्र्यंबकला भांडता आलं असतं, आकडे सांगता आले असते, तुझ्या त्या मोबाइलवरचं अर्धवट ज्ञान माझ्यापुढे पाजळू नकोस असं ठणकावता आलं असतं. पण वल्लरी तशी नव्हती. त्याच्या बायकोला, चित्राला, शेवटपर्यंत डायलिसिसला न्यायचं-आणायचं ते हीच करत होती, ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसून. चित्राच्या पायांची सूज अंगठ्याने दाबून बघायची तीही हीच. तिच्या तोंडून वाक्य निसटलं होतं आणि निम्म्यावर तिनेच ते धरलं होतं. आता ते उरलेलं निम्मं त्र्यंबकला पुरं करायचं होतं, आणि या घरात ते पुरं करण्याची विद्या फक्त त्याच्याकडे होती. युरेनियम पोटात गेलं तर ते आधी मूत्रपिंडाला धरतं. किरणं वगैरे पुढच्या गोष्टी. प्रयोगशाळेत नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना तो पहिल्याच आठवड्यात हे सांगायचा, आणि पोरं डोळे मोठे करायची, कारण ती सगळी किरणांना घाबरून आलेली असायची. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण त्याला पाठ होतं. जुनं ब्लडप्रेशर, कधी दुखलं नाही म्हणून कधी दाखवलं नाही. कारण चांगलं होतं, हजारात नऊशे जणांचं असतं तसं. तो ते मानून राहिला होता. आता त्या कारणाशेजारी दुसरं एक येऊन बसलं होतं, हिरवं.

बरणी त्यानेच आणली होती. साकेतचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. कल्याणच्या बाजारपेठेत एका भंगारवाल्याकडे पितळी स्टोव्हचा भाग शोधायला गेला होता आणि कंदिलाच्या जुन्या चिमण्यांच्या ढिगात ती दिसली. पिवळट, झाकणावर फुगीर मूठ, कुठे टवका नाही. रंग बघूनच त्याच्या मनात युरेनियम आलं. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून तो ती प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिथे काळे पडदे लावलेली एक खोली होती. विहिरींचं पाणी यायचं, खनिजाचे खडे यायचे, कामगारांच्या लघवीच्या बाटल्या यायच्या; नमुना प्लॅटिनमच्या वाटीत आटवायचा, त्यात सोडियम फ्लोराइड घालून भट्टीत वितळवायचं, थंड झालं की शर्टाच्या बटणाएवढी पांढरी गोळी उरायची. ती अंधारात अशाच जांभळ्या दिव्याखाली ठेवली की युरेनियम असेल तितकी उजळायची. जितकी उजळ तितकं जास्त. दिवसभर हेच. कोण कुठल्या गावचा, कुठल्या खाणीतला माणूस, त्याच्या शरीरातून काय बाहेर पडलं ते त्र्यंबक डोंबिवलीहून येऊन अंधारात बसून बघायचा. त्या दिव्याखाली बरणी ठेवली तेव्हा सगळे सहकारी जमले होते. इतकी मोठी गोळी कुणाची रे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले होते. संध्याकाळी त्याने एक हातदिवा उसना आणून घरी चित्रालाही दाखवलं. खिडक्या लावून, बत्ती घालवून. तिने "अगबाई" म्हटलं, बरणीला बोट लावून बघितलं, गरम नाही म्हणून तिला नवल वाटलं. मग पुन्हा बत्ती लावल्यावर म्हणाली, "शोकेसमध्ये ठेवून काय करायचंय? वस्तू वापरायला असते. यात खायचं ठेवलं तर चालेल का?" आणि तो म्हणाला होता, "चालेल गं."

चालेल गं. हे दोन शब्द आता त्याच्या डोक्यात भुंग्यासारखे फिरायला लागले. कशावरून चालेल? मोजलं होतं का? नव्हतं. कुठल्याशा परदेशी अहवालात वाचलं होतं की अशा काचेतून फारसं काही सुटत नाही. पण त्या लोकांनी पाणी ठेवलं होतं, फार तर शिरका, तेही एक दिवस. चित्राने ठेवलं लिंबाचं लोणचं. आंबट, खारट, बिनतेलाचं, वर्षानुवर्षं मुरत काळं होणारं. कुणाला मळमळलं, ताप आला, तोंडाची चव गेली, की बिल्डिंगमधले लोक वाटी घेऊन तिच्याकडे यायचे. ती कधी बरणी पूर्ण रिकामी करायची नाही. तळाशी जुनं ठेवायचं, वर नवं घालायचं, विरजणासारखं. म्हणजे तळाशी कुठल्या साली घातलेलं लिंबू होतं, देवाला माहीत. मीठही अंदाजाने. "प्रमाण लिहून ठेव एकदा," त्र्यंबक तिला चिडवायचा, "तू नसलीस तर आम्ही काय करायचं?" ती मूठ मिटून त्याच्या नाकासमोर धरायची. "हे माझं प्रमाण. हात आहे की माझा." तो हसून पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचा. दुसऱ्यांच्या पाण्याचा एक थेंब मोजल्याशिवाय न सोडणारा माणूस रोज समोरच्या ताटात वाढलेलं लोणचं न मोजता खात होता, बायकोला खाऊ देत होता. त्याला स्वतःला काही झालं नाही, हा काही पुरावा नव्हे. खाणीतल्या सगळ्यांनाही कुठे एकसारखं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने लोणचं टाकून दिलं. साकेत-वल्लरी फिरायला बाहेर पडली होती. त्यांनीही ते इतकी वर्षं खाल्लं, आज दुपारीही खाल्लं, आणखी एक घास नको, एवढाच विचार त्याच्या मनात होता आणि तो विचार त्याला फार सावध, फार शहाणा वाटला. चित्राने अंथरूण धरायच्या आधीच्या हिवाळ्यात शेवटचं घातलं होतं ते. लाकडी चमच्याने त्याने तळ खरवडला. काळ्या फोडी, गुळासारखा दाट रस. वास आला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. जुन्या सवयीने नमुन्याच्या एका छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत दोन चमचे काढून ठेवले आणि बाकीचं सगळं पिशवीत घालून खाली सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये नेऊन टाकलं. वर येऊन बरणी धुतली, ओट्यावर उपडी घातली. मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसला असताना त्याच्या ध्यानात आलं की आपण आधी फेकलं आणि आता मोजणार आहोत. नोकरीत कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं.

दोन दिवसांनी साकेतने त्याला गाडीतून वागळे इस्टेटला नेलं. साकेतचं ऑफिस ठाण्यातच होतं. शिळफाट्याचा ट्रॅफिक, मुंब्र्याचा डोंगर, कळव्याचा पूल, असा रस्ता. त्र्यंबकने बाटली शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि वरून हात धरला होता. पुलावर गाड्या अडकल्या तेव्हा साकेत म्हणाला, "बाबा, वल्लरी रडत होती काल. म्हणाली मी बोलायलाच नको होतं." "ती काही चुकीचं बोलली नाही." "पण तुम्ही हे करून काय मिळवणार? समजा निघालं काही, तर?" त्र्यंबक खाडीकडे बघत राहिला. ओहोटी होती, चिखलात कुणीतरी वाकून काहीतरी शोधत होतं. "मग कळेल," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये रडलेलो," साकेत समोर बघतच म्हणाला, "वल्लरी रडलेली. तुम्ही फॉर्म भरत होतात. मला राग नाही हो, पण कधीकधी वाटतं तुम्हाला..." त्यानेही वाक्य अर्धंच सोडलं. या घरात आता सगळे अर्धीच वाक्यं बोलायला लागले होते. लोक त्र्यंबकला खंबीर म्हणायचे. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला तेव्हा भावजय म्हणाली होती की वहिनींचं काही मागे राहिलं नाही. आणि त्र्यंबकला वाटलं होतं, खरंच, आपल्यातही काही राहिलं नाही, कुणी दिवा धरला तरी काही दिसायचं नाही.

समीक्षा पूर्वी त्याच्या हाताखाली होती. आता वागळे इस्टेटमध्ये पाणी तपासायची तिची स्वतःची छोटी लॅब होती, खाली पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, वर ही. सोसायट्यांच्या बोअरचं पाणी, शाळांच्या टाक्या, कंपन्यांचं सांडपाणी. भट्टी आणि प्लॅटिनमच्या वाट्या केव्हाच गेल्या होत्या. युरेनियमसाठी आता टेबलावर मावणारं एक यंत्र होतं, पाण्यात एक द्रावण मिसळून इवल्या चौकोनी नळीत भरायचं, आतला दिवा लुकलुकायचा आणि आकडा यायचा. काळे पडदे नाहीत, डोळे ताणणं नाही. तिने बाटली हातात घेतली, झाकण न उघडताच ओळखलं. "मॅडमचं?" त्र्यंबकने मान हलवली. त्याने सगळं सांगितलं, बरणी, दिवा, चालेल गं, सगळं, रुग्णाची माहिती द्यावी तसं. "सर, तुम्ही बसा," समीक्षा म्हणाली. "तुलनेला, ब्लँक म्हणून, आमच्या घरचं लोणचं घेते. साध्या काचेतलंय." तिने अर्धं लोणचं काढून आम्लात विरघळवायला ठेवलं, अर्धं बाटलीतच राहू दिलं. दुपारपर्यंत त्र्यंबक बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिला. खालून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. त्याला आत जाऊन तिच्या खांद्यावरून बघावंसं वाटत होतं, आणि तसं वागणाऱ्या नमुनेवाल्यांना आपण कसं हाकलायचो तेही आठवत होतं.

तिने हाक मारली तेव्हा यंत्रावरचा आकडा जवळजवळ शून्य होता. पण त्र्यंबक लगेच म्हणाला, "मीठ आहे त्यात. मीठ उजेड दाबतं." "माहितीये सर," ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत." आणि खरंच, त्यानेच शिकवलं होतं. त्या काळ्या खोलीत तो सगळ्यांना सांगायचा: कमी दिसलं म्हणून नाही म्हणायचं नाही. आपल्या हाताने, मोजून, थोडं युरेनियम वरून घालायचं आणि किती उजळतं ते बघायचं. घातलं तितकं उजळलं नाही, तर समजायचं की आत काहीतरी दाबून धरतंय, आणि त्यावरून मूळचं किती होतं त्याचा हिशेब लावायचा. समीक्षाने नळीत थेंबभर घातलं. दिवा लुकलुकला. पुन्हा थेंबभर. मग तिने कागदावर एक रेघ ओढली आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. "सर, आहे. अगदीच नाही असं नाही, आमच्या लोणच्यापेक्षा जरा जास्त आहे. पण इतकं कमी आहे की तुमच्या सोसायटीच्या बोअरला याहून जास्त निघेल. मॅडमनी रोज वाटीभर खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. यानं त्यांना काहीही झालेलं नाही." "पुन्हा कर," त्र्यंबक म्हणाला. तिने पुन्हा केलं. तेच आलं. "तुम्ही बरोबर सांगितलं होतंत त्यांना," ती म्हणाली.

आता खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्र्यंबक वाट बघत राहिला, पण तसं काही वाटेना. उलट कुणीतरी आधाराला धरलेली काठी काढून घ्यावी तसं झालं. हे दोन दिवस तो जळत होता, झोपत नव्हता, पण या दोन दिवसांत चित्राच्या मरणाशी त्याचं काहीतरी नातं होतं. त्याने बरणी आणली, त्याने चालेल म्हटलं, त्याने तिला मारलं. हे भयंकर होतं, पण ते त्या दोघांमधलं होतं, नवरा-बायकोमधलं. आता बरणी सुटली, तोही सुटला, आणि उरलं काय, तर जुनं ब्लडप्रेशर. हजारात नऊशे जणांचं. आकडा मोठा यावा असं आपल्याला वाटत होतं, हे त्याला कळलं आणि स्वतःची भीती वाटली. तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "सर, मला दिवस गेले होते तेव्हा पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, आठवतं? मॅडम तुमच्या डब्यातून हेच लोणचं पाठवायच्या. मी डब्याचं झाकण चाटलेलं, सर. लॅबमध्ये. तुम्ही ओरडला होतात." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला, आणि तिने चष्मा काढून ओढणीने डोळे पुसले. ते बघून त्र्यंबकच्या छातीत काहीतरी एकदम वर आलं, इतकं की त्याला यंत्राची कड धरावी लागली. खोकला आल्यासारखं करून त्याने ते परत खाली ढकललं. "नमुना राहिलाय का?" त्याने विचारलं. "अर्धा आहे. खरं तर रिपोर्ट गेल्यावरही आम्ही ठेवतो." पण तिने बाटली पुसली आणि त्याच्या हातात दिली. "न्या सर. बाकीचं घरी असेल ना?" त्र्यंबकने बाटली खिशात ठेवली. टाकून दिलं म्हणून सांगायची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी वल्लरी दारातच उभी होती. "काही नाही निघालं," तो म्हणाला. "बरणीत काही दोष नव्हता." ती भिंतीला टेकली, तोंडावर हात घेतला आणि म्हणाली, "सॉरी बाबा," आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लग्नात ठेवला होता, त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. जेवताना त्याने दही-भात कालवला, खिशातून बाटली काढली. बाटलीवर समीक्षाच्या अक्षरात नमुना असं लिहिलेली चिठ्ठी होती. चमच्यावर एक अख्खी फोड आली, आणखी एक तुकडा, आणि रस. एवढंच आता जगात होतं. "हे तेच ना?" साकेतने विचारलं, "लॅबमधून आणलेलं? खायचं?" वल्लरीने ताट पुढे केलं. "मला द्या बाबा." तिने फोड तोंडात घातली, चावली, आणि डोळे मिटून घेतले. मग साकेतने ताट पुढे केलं. राहिलेला रस त्र्यंबकने स्वतःच्या भातावर ओतला, बाटलीत थोडं पाणी घालून तेही हलवून घेतलं, जसं प्रयोगशाळेत शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून करतात. भात जिभेवर आला आणि चित्रा स्वयंपाकघरात आहे, आत्ता पोळीचा तवा उतरवून बाहेर येईल, असं त्याला वाटलं. घास गिळला आणि स्वयंपाकघर रिकामं झालं.

वल्लरीने ओट्यावरची बरणी आणून टेबलावर ठेवली. स्वच्छ होती, कोरडी, पिवळी. "बाबा, मार्केटला लिंबं छान आलीयेत," ती म्हणाली. "आपण घालूया? मी करते, तुम्ही नुसतं सांगा. वाया नाही जाऊ द्यायची ही. मीठ किती घालायच्या आई?"

"मुठीने," त्र्यंबक म्हणाला. "मूठ होती तिचं प्रमाण." आणि दाखवायला म्हणून त्याने हात टेबलावर धरला आणि मूठ मिटली. ती त्याची मूठ होती, पुरुषाची, मोठी. तिची लहान होती. किती लहान? त्याने बोटं थोडी आत घेतली, मग थोडी सोडली, अंगठा बाहेर ठेवला, मग आत घेतला. नाकासमोर धरलेली ती मूठ त्याला दिसत होती, बांगड्या दिसत होत्या, तिचं हसणं दिसत होतं, पण तिच्यात मीठ किती मावलं असतं ते काही केल्या कळेना. साकेतने हळूच "बाबा" म्हटलं. त्र्यंबक मुठीकडे बघत राहिला, आणि मग ती तशीच अर्धी मिटलेली धरून मुलासमोर, सुनेसमोर रडायला लागला.